स्टिअरिंगवरचं बोट

डार्विनच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. तर्जनी, आणि तीही पेरभरच. अख्खा पंजा उचलला की समोरच्याला वाटतं, हा सिडनीहून आलाय. हात हलवला तर त्याला वाटतं, याच्या कॅराव्हॅनला आग लागलीय, आणि तो बिचारा थांबतो. मी कडायना गावात आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. आरसा, सिग्नल, मान वळवून मागे बघणं हे सगळं झालं की शेवटच्या धड्याला हे बोट शिकवायचो. अर्ध्या गावाची बोटं माझ्या हाताखालून गेली आहेत. तेव्हा या विषयात तरी माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नसावी.

तर असा हा मी, मर्व्ह ट्रेगेंझा, प्रवासाच्या शेवटच्या दिवशी भर रस्त्यात गाडी थांबवून एका वारुळाच्या परवानगीची वाट बघत बसलो.

कडायनाहून निघालो ते मी आणि माझी बायको रेलीन. देशाच्या दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाला, मधल्या सगळ्या लाल मातीतून, मागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं आमचं घर, ओढत. आमची मुलगी शोना डार्विनला नर्स आहे. तिची मुलगी मेबल सहा वर्षांची. पावसाळा येईपर्यंत त्यांच्याकडेच राहायचं ठरलं होतं, आणि सोमवारपासून मेबलला शाळेत न्यायचं-आणायचं काम माझं होतं. शोनाने फोनवर विचारलं तेव्हा मी तिचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. आजोबा, आणि वर गाडी शिकवणारा आजोबा! याहून भरवशाचा माणूस तिला कुठे मिळणार होता? अ‍ॅलिस स्प्रिंग्जला मी स्वतः दुकानात जाऊन मेबलसाठी उंच बसायची जांभळी सीट घेतली आणि मागच्या बाकावर पट्ट्याने आवळून टाकली. वरचं प्लास्टिक तसंच ठेवलं, ते मेबलने फाडायचं होतं. आरशात तो जांभळा रंग दिसला की मला उगाचच बरं वाटायचं.

एकंदर प्रवास झकास झाला. माझ्या तक्रारी दोनच होत्या. एक पुढच्या काचेची आणि दुसरी रेलीनच्या तोंडाची.

ती काच काही केल्या स्वच्छ राहीना. बरोबर मधोमध एक डाग. कुणी लोण्याचं बोट पुसावं तसा. कूबर पीडीला धुतली, अ‍ॅलिसला धुतली, व्हिनेगर लावलं, वर्तमानपत्राने घासली, वायपर नवे टाकले. पंपावर बाकीची माणसं टाकी भरतात, मी बादली शोधत फिरायचो. डाग जागचा हलला नाही. मी किड्यांना शिव्या दिल्या, धुळीला दिल्या, काच बनवणाऱ्याच्या खानदानाला दिल्या. निघण्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, पण त्याच दिवशी कॅराव्हॅनच्या चाकांना ग्रीस घालायचं होतं. माणसाला कशाआधी काय ते कळलं पाहिजे.

आणि रेलीन. ही बाई लग्नापासून गाडीत माझ्या शेजारी विणत आली, डुलक्या घेत आली, फार तर एखादी गोळी सोलून माझ्या तोंडात टाकत आली. यंदा पोर्ट ऑगस्टा मागे पडलं आणि तिला काय झालं कोण जाणे, तिने रस्ता वाचायला घेतला. "मर्व्ह, डावीकडे गाय." "मर्व्ह, पुढे रस्ता खोलगट आहे." "पांढरी पिकअप येतेय, मर्व्ह." मग मी बोट उचलायचो. जणू मला दिसतच नाही! ज्या माणसाने हिला क्लच कुठे असतो ते दाखवलं त्या माणसाला ही गायी दाखवत होती.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही मटरँकाच्या तळावर होतो. शेजारच्या कॅराव्हॅनमधला कॉलिन, बॅलारटचा गप्पिष्ट माणूस, चहाचा मग घेऊन आमच्या तव्याशी आला. मी बेकन परतत होतो.

"काय मर्व्ह, आज पोचणार म्हणजे," कॉलिन म्हणाला. "तुमच्या गाडीत रेडिओ लागतो का रे? आमचा नुसता खरखरतोय."

"आम्हाला कशाला हवाय रेडिओ?" मी म्हणालो. "आमच्याकडे रेलीन आहे. बंद करायचं बटणच नाही." आणि हातातला चिमटा माइकसारखा धरून मी नक्कल सुरू केली. "मर्व्ह, गाय! मर्व्ह, खड्डा! मर्व्ह, ट्रक! मर्व्ह, दुसरी गाय!"

कॉलिनच्या नाकातून चहा आला. प्रेक्षक मिळाला की मला आवरत नाही. मी पुन्हा केली, यावेळी बारीक आवाजात आणि ओढणीसारखा टॉवेल डोक्यावर घेऊन. कॉलिनची बायको दारातून डोकावली, तिच्यासाठी तिसऱ्यांदा केली. बेकन करपलं.

रेलीन कप पुसत होती. शेवटचा कप पुसून तिने तो पेटीत ठेवला, झाकण लावलं.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "मग ऐक. आज डार्विन येईपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही."

"वचन?"

"वचन."

"कॉलिन, तू साक्षीदार हं!" मी ओरडलो. "हा दिवस लिहून ठेव!"

कॉलिन हसला. रेलीन हसली नाही. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मला वाटलं, रुसलीय. मी मुद्दाम शीळ घालत गाडी काढली.

कॅथरिन येईपर्यंत मी सुखात होतो. काय ती शांतता! टायरचा आवाज, इंजिनाचा आवाज, दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि किडकिडीत झाडं. गायी असतील तर असोत, कुणी त्यांची हजेरी घेत नव्हतं. मधेच वायरलेसवर, जो आम्ही सगळेच ट्रकवाल्यांच्या चॅनेलवर लावून ठेवतो, एक घोगरा आवाज आला.

"ओ पांढऱ्या कॅराव्हॅनवाले काका, रागावलात का आमच्यावर? मी बोट उचललं, माझ्या मागच्याने उचललं. तुमचं बोट दुखतंय वाटतं?"

माझ्या कानाची पाळी तापली. कुठला ट्रक? केव्हा गेला? खिडकीवर वाऱ्याचा धपका बसला होता खरा, पण मला वाटलं वारा. मी रेलीनकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"धूळ फार आहे काचेवर," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. वचन होतं ना.

गावातल्या अर्ध्या लोकांना बोट शिकवणाऱ्या माणसावर उद्धटपणाचा आळ! हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी ठरवलं, आता चूक नको. समोर काही गडद दिसलं की बोट उचलायचं. मग काय, मी उदारपणे वाटतच सुटलो. एका पाटीला बोट उचललं. फुटलेल्या टायरच्या ढिगाला उचललं. एका पुलाच्या कठड्याला, बहुतेक, दोनदा उचललं. रस्त्यावर इतका सभ्य माणूस त्या दिवशी दुसरा नसेल.

आणि मग कॅथरिनच्या पुढे एका वळणानंतर तो दिसला. नारिंगी जाकीट, पिवळं हेल्मेट, हातात गोल पाटी धरून कडेला उभा. रस्त्याचं काम चालू आहे, थांबा. मी कुणाला कधी विनाकारण नापास केलं नाही, पण थांबा म्हटल्यावर न थांबणाऱ्याला पहिल्या फटक्यात नापास करायचो. गाडी हळू केली, दिवे लुकलुकवले आणि बऱ्याच अंतरावर अलगद थांबलो. बोट उचललं. त्याने काही केलं नाही.

"माजलेत हे कंत्राटदाराचे लोक," मी म्हणालो. "मान तरी हलवावी माणसाने."

आम्ही थांबलो. इंजिन चालू, एसी चालू. मागून एक गाडी आली, जरा रेंगाळली आणि सरळ आम्हाला वळसा घालून पुढे निघून गेली.

"बघितलंस?" मी रेलीनला म्हणालो. "थांबायची पाटी समोर असताना! असल्यांची लायसन्सं काढून घेतली पाहिजेत. यांच्यामुळेच माणसं मरतात."

आणखी थोडा वेळ गेला. शेवटी माझी सहनशक्ती संपली. गाडी रांगत पुढे नेली, काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, अजून किती वेळ?"

भाऊ बोलेना. मी मान जरा वाकडी केली. तशी केली की अलीकडे मला बरं दिसायचं. का, ते मी स्वतःला विचारलं नव्हतं. हेल्मेटखाली तोंड नव्हतं. लाल माती होती. जाकिटाच्या आत माझ्याहून उंच वाळवीचं वारूळ होतं आणि हातातली पाटी म्हणजे काठीला ठोकलेलं रंगाच्या डब्याचं झाकण. या भागात येणारे-जाणारे वारुळांना कपडे घालतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. रेलीनने आदल्या दोन दिवसांत मला कितीतरी दाखवली होती. फुटबॉलच्या शर्टातलं, लग्नाच्या झग्यातलं, गॉगल लावलेलं. मी म्हणायचो, हो हो, दिसलं.

मी काच वर केली आणि हसण्याची वाट बघितली. एकदा माझी पँट कुंपणाच्या तारेत अडकली होती, तेव्हा ही बाई आधी गवतात बसून पोट धरून हसली होती आणि मग मला सोडवायला आली होती. वारुळाला 'भाऊ' म्हणणारा नवरा म्हणजे तिच्यासाठी दिवाळीच. पण रेलीन हसली नाही. तिने तोंड तिच्या बाजूच्या खिडकीकडे वळवलं होतं आणि दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरले होते.

"गंमत केली," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात मी इतकं पोकळ वाक्य बोललेलो नाही. तरी मी गाडी काढलीच, कारण माझ्यासारख्या माणसाला भीती वाटली की तो वेग वाढवतो.

पाइन क्रीकनंतर गवत पेटवलेलं होतं. दर वर्षी या दिवसांत पेटवतात. धूर रस्त्यावर आला होता, आणि मला वाटलं, चला, निदान काहीतरी निमित्त झालं. पुढे एक रोड ट्रेन होती, म्हणजे तीन डबे जोडलेला लांबलचक ट्रक, चढावर दमलेला. मागे राहून मी कंटाळलो. जरा उजवीकडे सरकून बघितलं. समोरचा रस्ता मोकळा होता. अगदी स्वच्छ, राखाडी, रिकामा. मी सिग्नल दिला, आरसा बघितला, मान वळवून मागेही बघितलं. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. गाडी बाहेर काढली.

धप्.

रेलीनचा पाय. तिचा उजवा पाय तिच्या बाजूला गाडीच्या तळावर आदळला होता, जिथे ब्रेक नसतो. माझ्या शिकवण्याच्या गाडीत तिथे ब्रेक होता. त्या जागेवर बसून माझा पाय असाच आदळायचा, पोरं कुणाच्या तरी अंगावर जायला लागली की. तो आवाज माझ्या डोक्यात नाही, हाडांत आहे. विचार करायच्या आत मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली. कॅराव्हॅन मागे शेपटीसारखी वळवळली. त्याच क्षणी उजवीकडून, माझ्या खिडकीला खेटून, एक पिकअप हॉर्न किंचाळवत निघून गेली. जिथे काही नव्हतं तिथून ती आली होती. मधोमध, त्या डागातून.

रेलीनने नंतर सांगितलं, त्या पिकअपवाल्यानेही एक बोट उचललं होतं. पण ती तर्जनी नव्हती.

वायरलेस खरखरला. पुढच्या ट्रकवाल्याचा आवाज. मला वाटलं, आता आईबहिणीचा उद्धार होणार.

"मागे सगळं ठीक ना, काका?" तो म्हणाला, अगदी मऊ. "पुढे डावीकडे थांबायला जागा आहे. सावली आहे. चहा टाका जरा. घाई कुणाला आहे?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याशी बोलतात तसा तो माझ्याशी बोलला.

थांब्यावर एक सिमेंटचं टेबल आणि एक कचऱ्याचा पिंप होता. इंजिन बंद केलं.

"बोल," मी म्हणालो.

रेलीनने मान हलवली आणि रस्त्याकडे, डार्विनच्या दिशेला हात केला. डार्विन आलेलं नव्हतं.

"रेलीन, तुझ्या पाया पडतो, बोल. शिव्या दे. वचन मी परत घेतो."

तिने मोठा श्वास सोडला. सकाळपासून धरून ठेवल्यासारखा.

"किती गाड्या गेल्या समोरून, मर्व्ह?"

"असतील दहा-बारा."

"दहा-बारा वेळा तू बोट उचललंस. त्यात पाट्या आल्या, टायर आले, पुलाचा कठडा आला. गाड्यांतल्या निम्म्याहून जास्त तशाच गेल्या. तुला कळल्याही नाहीत."

"ती काच आहे ना..."

"काच स्वच्छ आहे."

"मधोमध डाग..."

"अरे, मी त्याच काचेतून बघते ना रोज! जेवायच्या ताटासारखी लख्ख आहे ती. अ‍ॅलिसला तू ती तिसऱ्यांदा घासायला लागलास, तेव्हा मी त्या बाथरूममध्ये जाऊन रडले, माहितीय तुला?"

मला राग आला. दुसरं काही सुचलं नाही की मला राग येतो. दार आपटून खाली उतरलो, खिशातला रुमाल काढला आणि काच पुसायला लागलो. कसून पुसली. आतून रेलीन माझ्याकडे बघत होती. दमलो तेव्हा मान वर केली. वर निळं आकाश होतं, धुरातून बाहेर पडलेलं, कोरं. मधे काच नव्हती. डाग होता.

मी बराच वेळ वर बघत राहिलो. मग खिडकीशी आलो.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पोर्ट ऑगस्टा. तू हॉटेलच्या दाराशी ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या बाईला 'आधी तुम्ही' म्हणालास."

"आणि तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू तिथूनच गाडी घराकडे वळवली असतीस, फुगून. मग पुढची दहा वर्षं त्या शेडमध्ये बसून नटबोल्ट लावत राहिला असतास." तिने नाक पुसलं. "आणि मलाही यायचं होतं रे. मलाही बघायचं होतं हे सगळं. म्हणून मी म्हटलं, मी बघते दोघांचं. मला काय हौस आहे गायी मोजायची? सकाळी तू टॉवेल घेऊन नाचत होतास तेव्हा वाटलं, तो चिमटा घ्यावा आणि तुझ्या डोक्यात घालावा."

"घालायचा होतास."

"त्याऐवजी गप्प बसले. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, रस्ता सरळ आहे, माझा हात हँडब्रेकजवळ आहे. आज कळू दे याला. आज नाही कळलं तर सोमवार आहे." ती मागे वळली. मागच्या बाकावर ती जांभळी सीट होती, प्लास्टिकमध्ये. "मी तुला सांगू शकते, मर्व्ह, गाडी आली म्हणून. पण सोमवारी तिथे मेबल असणार. ती सांगणार आहे का तुला?"

मी मान वाकडी करून ती सीट बघितली. एरवी माझ्याकडे कायम उत्तर असतं. कॉलिन साक्षीदार आहे.

मी तसाच गाडीला वळसा घालून तिच्या दाराशी गेलो आणि ते उघडलं.

"सरक," मी म्हणालो.

"कुठे?"

"तिकडे. स्टिअरिंगकडे."

ती सरकली. मी डावीकडे बसलो. किल्ली तिथेच लटकत होती, तिला मी हात लावला नाही. खरं सांगायचं तर ती डावी जागा माझीच. आयुष्यभर पोटापाण्यासाठी मी त्याच जागेवर बसलो, दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन. निवृत्त झाल्यावर मला वाटलं, बढती झाली. आता पुन्हा जुन्या जागेवर.

"आरसा नीट कर," मी म्हणालो. "आधी उजवा. आणि कॅराव्हॅन वळताना..."

"गप्प."

"नाही, म्हणजे..."

"मर्व्ह, तू वचन वगैरे देऊ नकोस, तुला झेपणार नाही. नुसता गप्प बस."

तिने गाडी काढली. मी तिला कधी कॅराव्हॅन ओढू दिली नव्हती. बायकांना वळणाचा अंदाज येत नाही असं माझं मत होतं आणि ते मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. गाडीला हिसका बसला नाही, मागे काही आपटलं नाही, कॅराव्हॅन लोण्यासारखी रस्त्याला लागली. शिकवणारा चांगला असला की असं होतं.

ॲडलेड रिव्हर आलं. मग अचानक ती म्हणाली, "मर्व्ह, उजवीकडे आग लागलीय गवताला. छोटीशी. वर घारी जमल्यात. पन्नास तरी असतील. धुरातून खाली येतात, काहीतरी उचलतात आणि परत वर जातात."

ती पुढे म्हणाली, "एकीच्या पायात सरडा आहे बघ. वळवळतोय अजून."

"आता कशाला सांगतेस?" मी विचारलं. "आता तर तू चालवतेयस."

"मग काय झालं? तुला बघायचं नाही का?"

मी माझ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड वळवलं. मला रडू आलं होतं. कूबर पीडीचे मातीचे ढीग, वाळवंटातल्या त्या कोरड्या नदीतले पांढरे बुंधे, संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून आमच्याकडे बघणारा तो एक उंट, हे सगळं मला आठवत होतं, आणि आठवत होतं ते तिच्या आवाजात. मी बोटभर रस्ता बघत आलो होतो. देश तिने दाखवला होता.

"गाडी," रेलीन म्हणाली. "पिवळी."

तिने स्टिअरिंगवरून बोट उचललं. डावीकडे बसलेल्याने उचलायची पद्धत नाही. मी गुडघ्यावरचं उचललं.

पामर्स्टन आलं, सिग्नल आले, गाड्या वाढल्या. शहरात कुणी बोट उचलत नाही. मी उचलत राहिलो, रेलीनने शेवटी हात धरून खाली ठेवला.

शोना अंगणातच उभी होती, कामाच्या निळ्या कपड्यांत, नुकती आलेली. मेबल फाटकावर चढून लोंबकळत होती.

"आई?" शोना म्हणाली. "तू ओढत आणलीस? बाबाला काय झालं?"

"काही नाही गं," रेलीन उतरता उतरता म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही तिने. "शेवटचा तुकडा मीच मागून घेतला. हौस होती कधीपासूनची."

झाकायला इतकं सुरेख पांघरूण मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. सोमवारपर्यंत सहज पुरलं असतं. मेबल तोवर मागच्या दारातून आत शिरली होती. प्लास्टिक फाडल्याचा आवाज आला.

"जांभळी!" ती ओरडली. "आजोबा, सोमवारी तूच नेणार ना मला? आईने सांगितलंय."

रेलीन कॅराव्हॅनच्या कड्याशी उगाच खुडबुड करत होती. ती थांबली.

"नाही गं," मी म्हणालो. "आजी नेणार. आजोबांना समोरचं दिसत नाही."

"म्हणजे?" शोना पुढे आली. "बाबा, कधीपासून? डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवणार आहे. ग्रीस घालून झालंय आता."

शोनाला काही कळलं नाही. रेलीनने तिच्या दंडाला धरलं. मेबल सीटवरून उतरून माझ्यासमोर उभी राहिली आणि डोकं मागे टाकून मला नीट तपासायला लागली.

"काहीच नाही दिसत?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं जातं."

"मी दिसते?"

"मान वाकडी केली की दिसतेस."

मी केली. तिनेही लगेच तेवढीच वाकडी केली. समोरचे दोन दात पडलेले होते, ते मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आता?"

"आता मस्त दिसतेस."

"मग मीच सांगते तुला," ती म्हणाली आणि तिने माझं बोट धरलं, तेच, उजव्या हाताची तर्जनी. घराकडे ओढत न्यायला लागली. "आजोबा, बादली. आजोबा, नळी आहे, पाय उचल. आजोबा, कुत्रा. झोपलाय, चावत नाही."

मागे कुणीतरी फसकन हसलं. रेलीन. कॅराव्हॅनला टेकून, पोट धरून, डोळे पुसत ती हसत होती, शोना तिला विचारत होती काय झालं म्हणून आणि तिला सांगता येत नव्हतं. सकाळी वारुळापाशी राहिलेलं ते हसू होतं. मी मागे वळून तिला एक बोट उचलणार होतो, पण ते मेबलच्या मुठीत होतं.

"आजोबा, सायकल," मेबल म्हणाली.

सायकल मला खरंच दिसली नव्हती.